संत ऑड्रीचा गोफ

दिवाळी आली की घराघरावर आकाशकंदील चढतो. घरी बांधलेला असो की बाजारातून आणलेला, त्याच्या कडांना सोनेरी बेगड असते आणि खाली झिरमिळ्या लोंबत असतात. त्या बेगडाकडे पाहून कोणी नाक मुरडीत नाही. उलट मुले 'अजून थोडे लावू या' म्हणून हट्ट धरतात. आणि तीच आपण माणसे, दिवाळी सरली की कोणाच्या प्रेमाला तर कोणाच्या देशभक्तीला 'बेगडी' म्हणून मोकळे होतो. कंदिलाला जी वस्तू शोभते तिचे नाव माणसाला दिले की शिवी कशी होते, हा प्रश्न मला बरीच वर्षे छळीत आला आहे. त्याचा पाठपुरावा करता करता मी मराठी कोश बाजूला ठेवून इंग्रजी कोशांतच रमलो, हे कबूल केले पाहिजे. कारण एक तर झालरी-फुलोऱ्यांना आणि फाजील नटण्यामुरडण्याला नावे ठेवणारे शब्द त्या भाषेत ढिगाने आहेत. आणि दुसरे असे की, कोणता शब्द कोणत्या सुमाराला कोणत्या अर्थाने छापला गेला याची जन्मपत्रिका इंग्रजांनी फार चिकाटीने जपली आहे. त्यामुळे शब्द केव्हा चांगल्या घरात होता आणि केव्हा रस्त्यावर आला, हे बऱ्यापैकी सांगता येते.

बेगडापासूनच सुरुवात करू. इंग्रजीत त्याला 'टिन्सेल' म्हणतात. मूळ जुना फ्रेंच शब्द ठिणगी या अर्थाचा, आणि त्याच्याही मागे लॅटिन 'सिंटिला', म्हणजे पुन्हा ठिणगीच. इंग्रजीत हा शब्द आला तेव्हा त्याचा अर्थ होता सोन्याचांदीची तार घालून विणलेले उंची वस्त्र. आपण ज्याला किनखाब किंवा जरतारी म्हणू त्या जातीचे. राजेराण्यांनी ल्यावे असे. पुढे खऱ्या तारेच्या जागी तांब्यापितळेची तार आली, मग नुसते पत्रे आले, आणि ठिणगी विझून 'वरवरची चमक' एवढाच अर्थ राहिला. आपल्या 'बेगडी'चा आणि या 'टिन्सेल'चा स्वभाव इतका जुळतो की दोघे मावसभाऊ वाटावेत.

पण माझा सर्वांत आवडता शब्द आहे 'टॉड्री'. भडक, हलक्या दर्जाची, डोळ्यांत खुपणारी सजावट, असा त्याचा आजचा अर्थ. आणि या शब्दाच्या पोटात एक साध्वी बसली आहे, हे सांगितले तर ऐकणाऱ्याला थट्टा वाटते.

इंग्लंडच्या पूर्व भागात दलदलीच्या मुलखात ईली नावाचे गाव आहे. तेथल्या पाण्यात मिळणाऱ्या सापासारख्या लांबट वाम माशांवरून हे नाव पडले, असे जुना इतिहासकार बीड सांगतो. सातव्या शतकात पूर्व अँग्लियाच्या ॲना नावाच्या राजाला (नाव बायकी वाटले तरी हा राजा पुरुषच बरे!) एथेलथ्रिथ नावाची मुलगी होती. तिची दोन लग्ने झाली. दुसरा नवरा तर नॉर्थम्ब्रियाचा राजा. परंतु तिचे चित्त संसारात नव्हते. अखेर राणीपद टाकून ती जोगीण झाली आणि ६७३ साली तिने ईली येथे मठ स्थापिला. सहा वर्षांनी, ६७९ साली, गळ्यावर मोठी गाठ येऊन ती वारली. बीडने आपला ग्रंथ ७३१ साली पुरा केला. त्यात त्याने लिहून ठेवले आहे की, हे दुखणे आपल्याला योग्यच आले, असे ती म्हणत असे. लहानपणी गळ्यात हौसेने हार घातले, त्यांचे ओझे मिरवले. आता सोन्यामोत्यांच्या जागी देवाने ही लालभडक गाठ दिली, म्हणजे हिशेब फिटला. सोळा वर्षांनी तिच्या बहिणीने तिचे शव दुसऱ्या शवपेटीत हलवले, तेव्हा ते जसेच्या तसे होते आणि गळ्यावरची जखम भरून आली होती, असेही बीड सांगतो. मग काय, ईली हे क्षेत्र झाले.

लोकांच्या तोंडी एथेलथ्रिथचे 'ऑड्री' झाले. तिच्या नावाने ऑक्टोबरात जत्रा भरू लागली, आणि जत्रेत तिची आठवण म्हणून गळ्यात घालायचे रेशमी गोफ विकले जाऊ लागले. जिला गळ्यातल्या दागिन्यांचा पश्चात्ताप झाला तिच्या नावाने गळ्यातलाच दागिना! पण जत्रेला कोण काय विचारणार? पंढरीहून येताना तुळशीची माळ आणावी तसा बायकांनी ईलीहून 'सेंट ऑड्रीचा गोफ' आणावा. आता 'सेंट ऑड्री' भराभर म्हणून पाहा; 'सेंट'मधला 'ट' पुढच्या नावाला चिकटतो आणि 'टॉड्री' तयार होते. लंडनमध्ये 'टूली स्ट्रीट' नावाचा रस्ता आहे, तोही असाच 'सेंट ओलाव्ह'मधून निघाला आहे.

या गोफाला पहिल्याने कोणी हसत नव्हते, हे महत्त्वाचे. स्पेन्सर कवीने १५७९ साली आपल्या गोपगीतांत मेंढपाळांच्या पोरींना हा गोफ कमरेला बांधायला सांगितला आहे, तो शोभा यावी म्हणून. १६१० च्या सुमाराच्या 'द विंटर्स टेल' या शेक्सपियरच्या नाटकात खेड्यातली एक पोरगी आपल्या मित्राला आठवण देते की, तू मला टॉड्री गोफ आणि सुवासिक हातमोजे कबूल केले होतेस. तिला तो हवा आहे, मनापासून हवा आहे. मात्र सतराव्या शतकाच्या उत्तरार्धात येऊन पाहावे तर 'टॉड्री' म्हणजे भडक आणि हिणकस, असा अर्थ मुरलेला दिसतो.

मधल्या काळात काय झाले? गोफ स्वस्त झाले, निकृष्ट झाले, हे नेहमीचे उत्तर आहे. आणि ते खोटे नाही. पण मला ते पुरेसे वाटत नाही. मधल्या काळात इंग्लंडचा धर्म बदलला होता. आठव्या हेन्रीच्या अमलात मठ मोडले गेले आणि १५४१ साली ईलीच्या बिशपनेच ऑड्रीचे समाधिस्थान पाडवले. ज्या गोफाला क्षेत्राचे पुण्य होते, त्याचे पुण्य सरकारी हुकमाने काढून घेतले. उरला तो नुसता गोफ, आणि तो गळ्यात घालणारी खेडवळ पोरगी. तिला हसायला शहराला मग कोणाची आडकाठी राहिली? वस्तू होती तीच होती. ती कोणाच्या गळ्यात आहे यावर शब्दाचा भाव ठरू लागला. एका राजकन्येने आपल्या दागिन्यांची लाज बाळगली, ती तिच्या खुशीने; तिच्या नावाने दागिना घेणाऱ्या गरीब पोरींना मात्र ती लाज दुसऱ्यांनी लावून दिली.

ही खोड इतर शब्दांतही दिसते. 'फ्रिपरी' म्हणजे फालतू नटवेपणा. पण मूळ फ्रेंच शब्द चिंध्यांचा, जुन्या कपड्यांचा. शेक्सपियरच्या 'द टेम्पेस्ट' नाटकात त्याचा अर्थ जुन्या कपड्यांचे दुकान, आपल्याकडचा जुना बाजार म्हणा ना. धन्याने उतरवलेला कोट नोकराने विकत घेतला आणि तो घालून मिरवला, की झाली 'फ्रिपरी'! तोच कोट धन्याच्या अंगावर असताना तिला दुसरे नाव असते. त्याच नाटकात 'ट्रम्परी' हा शब्दही भेटतो; तो तर सरळ 'फसवणे' या फ्रेंच क्रियापदातून आला. 'फर्बेलो', म्हणजे झग्याच्या घेराची झालर, हा फ्रेंच 'फाल्बाला' शब्दाचा इंग्रजी अपभ्रंश. खाली लोंबणारी लव असावी असे ऐकणाऱ्याला वाटले आणि शब्द तसा वळला. खुद्द 'फ्रिल' कोठून आला, याबद्दल कोशकारांचे एकमत नाही. 'फोल्डेरोल' हा निरर्थक पालुपदावरून आला: गाण्याच्या शेवटी पोकळ अक्षरे आळवतात, ती. आमच्या पोवाड्यातल्या 'जी जी रं जी'ला मात्र कोणी निरर्थक म्हटलेले मी ऐकून घेणार नाही.

आता झालरींच्या खऱ्या राज्याकडे वळू. पहिल्या एलिझाबेथ राणीच्या दरबारची चित्रे वाचकांनी पाहिली असतील. ताटात ठेवल्यासारखे मुंडके, आणि ताट म्हणजे गळ्याभोवतीची चुण्यांची पांढरी चकती, 'रफ'. ही चकती ताठ उभी राहते ती खळीच्या जोरावर. कपड्याला खळ घालण्याची विद्या इंग्लंडात आली १५६४ साली, फ्लँडर्समधून आलेल्या डिंगेन नावाच्या एका बाईबरोबर, असे तिकडच्या बखरकारांनी नोंदले आहे. ही बाई ती विद्या शिकवण्याचे चार-पाच पौंड घेत असे. त्या काळी ही रक्कम लहान नव्हती. आमच्याकडे घरोघरी भाताच्या पेजेने फुकट होणारी गोष्ट, असे म्हणून मी हसणार होतो. पण तिकडची खळ गव्हाची होती, आणि तेथेच हसणे थांबते. १५९४ पासून लागोपाठ पिके बुडाली, धान्य महागले, लोक उपाशी राहू लागले. आणि गहू तर खळीसाठी चालला होता! खळ करण्यावर निर्बंध घालण्याची पाळी सरकारवर आली. गळ्याची चकती आणि गरिबाची भाकरी एकाच पोत्यातून निघत होत्या.

फिलिप स्टब्स नावाच्या एका कडव्या धर्मनिष्ठाने १५८३ साली एक पुस्तक लिहून या सगळ्या नटवेपणावर आग पाखडली. खळ हे त्याच्या मते सैतानाचे पाणी. त्याने एक गोष्टही दिली आहे, ती दिवाळीच्या फराळाबरोबर ऐकण्यासारखी आहे. अँटवर्पमधली एक श्रीमंत तरुणी लग्नाला निघाली असता तिची चकती काही केल्या मनासारखी बसेना. परटिणी थकल्या. चिडून ती म्हणाली, पुन्हा असली चकती घातली तर सैतानाने मला न्यावे. तोच एक देखणा तरुण आला, त्याने चकती अशी सुरेख बसवून दिली की ती खूश झाली. आणि मग त्याने तिचे चुंबन घेतले आणि मान पिरगाळली. तिची शवपेटी चार माणसांना उचलेना. उघडून पाहतात तो आत प्रेत नाही. एक काळे मांजर बसले आहे आणि चकत्यांना खळ घालते आहे! स्टब्सने हे तिखटमीठ लावून सांगितले आहे, आणि माझी खात्री आहे की ज्या बायकांना भिववण्यासाठी ही गोष्ट लिहिली त्यांनीच ती सर्वांत चवीने वाचली असेल.

पुरुषही काही मागे नव्हते. आखूड बंडीत कापूस ठासून पोट फुगवण्याची रीत होती. एकेका बंडीत चार ते सहा पौंड कापूस जातो आणि घालणाऱ्याला वाकता येत नाही, ही तक्रारही स्टब्सचीच. या ठासायच्या कापसाला म्हणत 'बॉम्बास्ट'. पोकळ, फुगीर, दणदणीत भाषेला 'बॉम्बास्टिक' म्हणतात ते यावरून. शब्दाचा मुंबईच्या जुन्या इंग्रजी नावाशी काडीचाही संबंध नाही, मुंबईकरांनी दचकू नये. पॅरासेल्सस नावाच्या वैद्याच्या लांबलचक नावात 'बॉम्बास्टस' होते, त्यावरून हा शब्द आला असे सांगतात, तेही खरे नाही. मूळ ग्रीक शब्द रेशमाच्या किड्याचा; मध्ययुगीन लॅटिनमध्ये तो कापसाला लागला. आपल्याकडे फाल्गुनात लाल फुलांनी भरणारी काटेसावर आहे ना, जिच्या बोंडांतला कापूस उशांत भरतात, तिचे शास्त्रीय नाव 'बॉम्बॅक्स' याच घराण्यातले.

या कापसाने एकदा शेक्सपियरलाही गाठले. १५९२ साली रॉबर्ट ग्रीन हा नाटककार दारिद्र्यात वारला. त्याच्या नावावर जे चोपडे निघाले त्यात लंडनच्या एका नव्या नाटककाराला उपटसुंभ कावळा म्हटले आहे. आमची पिसे लावून हा सजला आहे आणि आमच्या इतकेच फुगवून पद्य लिहिता येते असे याला वाटते, असा त्या हल्ल्याचा मतलब. आणि 'फुगवणे' यासाठी शब्द वापरला आहे तो हाच, 'बॉम्बास्ट'. ग्रीन विद्यापीठाची पदवी घेतलेला. कावळा हातमोजे करणाऱ्याचा मुलगा. दुसऱ्याची पिसे, दुसऱ्याचा कापूस! नटणे हा गुन्हा नव्हता; आपल्या पायरीबाहेर नटणे हा होता. आणि हे नुसते टोमण्यापुरते नव्हते. कोणत्या दर्जाच्या माणसाने कोणते कापड, कोणता रंग, किती रुंद चकती वापरावी याचे राणीचे हुकूम होते. १५७४ चा हुकूम तर तपशिलाने भरलेला आहे. १६०४ साली असे कायदे रद्द झाले. माझा तर्क असा की, कायद्याचे काम त्यानंतर शब्दांनी अंगावर घेतले. शिपायाने अडवायचे थांबवले तेव्हा कोशाने अडवायला सुरुवात केली.

'बरोक' या शब्दाची गोष्ट आपल्याला जवळची आहे, कारण तिचा एक धागा गोव्यात आहे. गार्सिया द ओर्ता हा पोर्तुगीज वैद्य १५३४ साली हिंदुस्थानात आला आणि गोव्यात राहिला. इथल्या औषधी द्रव्यांवर त्याने संवादरूपाने ग्रंथ लिहिला; तो १५६३ साली गोव्यातच छापला गेला. त्यात वेड्यावाकड्या, गोल नसलेल्या मोत्यांना त्याने 'बरोको' म्हटले आहे. युरोपातल्या अवाढव्य, वळणावळणाच्या, सोन्याने मढवलेल्या शैलीला पुढे जे नाव मिळाले ते बहुतेकांच्या मते या वाकड्या मोत्यावरून. काही पंडित मात्र मध्ययुगीन तर्कशास्त्रातल्या 'बारोको' नावाच्या किचकट अनुमानाकडे बोट दाखवतात. मी मोत्याच्या पक्षाचा आहे. ओर्ता १५६८ साली वारला. जन्माने तो ज्यू घराण्यातला. धर्मन्यायालयाने त्याच्या बहिणीला १५६९ साली जिवंत जाळले आणि १५८० साली त्याची हाडे उकरून काढून जाळली. त्यानंतर चौदा वर्षांनी त्याच शहरात बॉम जेझूच्या देवळाचा पाया घातला गेला. १६०५ साली त्याचे पावन-संस्कार झाले. जुन्या गोव्याला गेलेल्या प्रत्येकाने तिथली सोन्याने लखलखणारी वेदी पाहिलेली असते. तिला कोणी 'बरोक' म्हणाले म्हणजे मला ते वाकडे मोती आणि ती हाडे दोन्ही आठवतात.

अठराव्या शतकात हा शब्द निंदेचाच होता. रूसोने १७६८ च्या आपल्या संगीतकोशात गोंधळलेल्या, बोजड स्वररचनेला तो लावला आहे. १८८८ साली वोल्फलिन या कलेतिहासकाराने त्या शैलीवर गंभीर ग्रंथ लिहिला, आणि तेव्हापासून बरोक प्रतिष्ठितांत बसू लागला. त्याचा धाकटा भाऊ 'रोकोको'. शिंपले-खडे लावून केलेल्या गुहांच्या सजावटीचे नाव चित्रकार दाव्हिदच्या शिष्यांनी चेष्टेने वाकवून तो केला, असे सांगतात. उंचावरच्या शब्दांना वर परत येता येते. 'टॉड्री'साठी असा कोणी वोल्फलिन आला नाही.

एक शब्द खायचा आहे, तो सोडवत नाही: 'जिंजरब्रेड'. जुना फ्रेंच शब्द होता 'जिंजेंब्रा', म्हणजे पाकात मुरवलेले आले. आपला आलेपाकच की! इंग्रजी कानांना शेवटी 'ब्रेड' ऐकू आला आणि आलेपाकाचा पाव झाला. आल्याचे ते नावही पाली-संस्कृतातून ग्रीकांकडे गेलेले; संस्कृतातले 'शृंगवेर' हे द्राविडी शब्दाचे रूपांतर असावे, असे आता मानतात. जत्रांतून या आलेपावाच्या बाहुल्यांना सोनेरी वर्ख लावून विकत, आणि त्यावरून जहाजांवरच्या सोनेरी कोरीवकामाला खलाशी 'जिंजरब्रेड' म्हणू लागले. पहिल्या चार्ल्सने १६३७ साली 'सॉव्हरिन ऑफ द सीज' ही युद्धनौका पाण्यात सोडली, ती या कामाचा कळस होती. नाळेवर सात राजांना घोड्याखाली तुडवणारा एडगर राजा, आणि चोहीकडे काळ्या रंगावर सोने. खर्च ६५,५८६ पौंड. त्यांतले साडेसहा हजारांहून अधिक केवळ नक्षी आणि मुलाम्यावर गेले. आरमारासाठी राजा पार्लमेंटला न विचारता 'जहाजपट्टी' वसूल करीत होता. जॉन हॅम्पडनने ती भरण्याचे नाकारले आणि त्याच साली खटला उभा राहिला. त्या खटल्यापासून यादवी युद्धापर्यंत आणि १६४९ साली राजाच्या शिरच्छेदापर्यंतची वाट फार लांबची नव्हती. जहाज मात्र राजापेक्षा टिकले. डच त्याला 'सोनेरी सैतान' म्हणत. ते लढाईत बुडाले नाही; १६९७ च्या आरंभी चॅथमच्या गोदीत, कोणी विसरलेल्या मेणबत्तीने जळाले, असे सांगतात.

काही शब्द मात्र सुखाने जगले. 'फ्लँबॉयंट' म्हणजे ज्वालेसारखा. फ्रेंच देवळांच्या खिडक्यांतल्या लवलवत्या दगडी नक्षीचे हे नाव, आणि आपल्या दारच्या गुलमोहराचेही. होरेसने दोन हजार वर्षांपूर्वी कवींना दटावले होते की, साध्या वस्त्रावर जांभळे ठिगळ लावू नका. त्या 'पर्पल पॅच'चा अर्थ आता एखाद्या फलंदाजाचा भराचा काळ असा झाला आहे. होरेसला हे कळले असते तर!

एकोणिसाव्या शतकात हा सगळा वाद सरकारी खात्यात गेला. लंडनच्या १८५१ च्या महाप्रदर्शनात यंत्रांनी काढलेल्या इंग्रजी मालावर पाने, फुले, परी, पोपट यांची नुसती गर्दी होती. हेन्री कोल, ओवेन जोन्स वगैरे जाणकारांना शरम वाटली. त्या प्रदर्शनातून नमुन्यांची खरेदी करण्यास सरकारने ५,००० पौंड दिले, तेव्हा हिंदुस्थानी कापड आणि भांडी त्यांनी हौसेने घेतली. १८५६ च्या आपल्या ग्रंथात जोन्सने स्पष्ट लिहिले की, नक्षी कोठे असावी आणि किती असावी हे हिंदी कारागिराला कळते. जे लोक आमच्या नटण्याला भडक म्हणत, त्यांनीच आमच्या विणकराला गुरू केले. हा सन्मान फार टिकला नाही. १८५७ चे युद्ध पेटले, आणि १८५८ च्या जानेवारीत रस्किनने लंडनमध्ये व्याख्यान देताना हिंदी नक्षीची नाजुकी मान्य करून तिचे नाते क्रौर्याशी जोडले. इंग्रजी तोफांच्या तोंडी बांधलेल्या माणसांची आठवण त्या व्याख्यानात मला सापडली नाही.

कोलच्या मंडळींनी १८५२ साली मार्लबरो हाउसमध्ये वाईट अभिरुचीचे एक दालनच उघडले. लोक त्याला 'भयगृह' म्हणत. फुलाफुलांचे गालिचे, चित्रविचित्र छिटे, घरोघरी असतात तसल्या वस्तू, आणि प्रत्येकीखाली तिचा दोष लिहिलेला. डिकन्सच्या साप्ताहिकात हेन्री मॉर्लेने यावर एक विनोदी गोष्ट लिहिली: एक साधा गृहस्थ ते दालन पाहून येतो, आणि त्याला कळते की आपले सगळे घर, भिंती, गालिचा, अंगातली विजारसुद्धा, भयगृहच आहे. मित्राकडे चहा पिताना कपाच्या तळाशी फुलपाखरू दिसते आणि तो किंचाळतो. कारखानदारांनीही ओरड केली आणि ते दालन लवकरच गुंडाळावे लागले.

पुढे १८५४ साली डिकन्सने 'हार्ड टाइम्स' लिहिली. तीत एक सरकारी अधिकारी शाळेत येतो आणि मुलांना विचारतो: जमिनीवर फुले तुडवीत चालता का? मग फुलांचा गालिचा का अंथरायचा? सर्कशीतल्या माणसाची मुलगी सिसी उभी राहते. आपण फुलांचाच गालिचा अंथरू, असे ती सांगते. का, म्हणून अधिकारी खेकसतो, तेव्हा फुले मला फार आवडतात, एवढेच तिला सुचते. पाय पडले तरी ती चुरगळणार नाहीत, ती चित्रे असतील, असे ती लाजत सांगू लागते. अधिकारी तिचे वाक्य पुरे होऊ देत नाही, आणि पोर मान खाली घालून बसते.